खिचडीनंतरची गुलाबी गोळी

प्रश्न : माझा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. दर सोमवारी घरी आला की सांगतो, ‘आज खिचडी खाल्ली आणि मग बाईंनी गुलाबी गोळी दिली.’ फेब्रुवारीत जंताची गोळी झाली, मग डॉक्टरांची गाडी आली, वजन झालं, डोळे तपासून झाले. आमच्या वेळी शाळेत पाटी, पेन्सिल आणि छडी एवढंच होतं. आता ही शाळा आहे, खानावळ आहे की दवाखाना, तेच कळेना. जेवण आणि औषध एकाच छपराखाली आणायचं डोकं कुणाचं? आणि गोळी द्यायचीच आहे, तर ती कुटून खिचडीतच का घालत नाहीत? पोरांच्या मागे लागायचा त्रास तरी वाचेल.
– एक आजी, तासगाव

उत्तर : आजी, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. वरवर तो गमतीचा वाटतो, पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

समजा शाळेत ऐंशी मुलं आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला सरकारी मापाने 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. म्हणजे पातेल्यात आठ किलो तांदूळ आणि दीड किलोच्या वर थोडी डाळ. त्यात ऐंशी गोळ्या कुटून घातल्या, तर कुणाच्या ताटात किती गेली याचा हिशेब कोण ठेवणार? दोनदा वाढून घेणारा दांडगोबा दीड गोळी खाईल, आणि ज्या फिकट पोरीसाठी हा सगळा खटाटोप, ती चार घास चिवडून उठेल. शिवाय ही गोळी लोहाची, आणि लोहाची चव म्हणजे गंजका खिळा चोखल्यासारखी. पोरं ताट सरकवतील. गोळीही वाया आणि खिचडीही वाया. त्यातून पंगतीत थॅलेसिमियाचं एखादं मूल असलं, ज्याला सारखं रक्त चढवावं लागतं, तर त्याच्या अंगात लोह आधीच साठत असतं. त्याला ही गोळी द्यायचीच नसते. ताप आलेल्याला, जुलाब होणाऱ्यालाही त्या दिवशी नाही. पातेल्याला हे कळत नाही, बाईंना कळतं. म्हणून गोळी हातावर.

मग ती खिचडीनंतरच का? इथे थोडी गंमत आहे. खरं तर लोह रिकाम्या पोटी जास्त चांगलं शोषलं जातं. डाळी-धान्यांत फायटेट नावाचं एक द्रव्य असतं, ते लोहाला धरून ठेवतं. म्हणजे भरल्या पोटी गोळी घेतली की थोडं लोह वाया जाणारच. पण रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, पोटात कळ येते, एखादं पोर उलटी करतं. आणि वर्गात एकाने उलटी केली की पुढच्या सोमवारी निम्मा वर्ग गैरहजर. तेव्हा हिशेब असा केलेला आहे : थोडं लोह वाया गेलं तरी चालेल, पोर गोळीला भ्यायला नको. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच्या त्या गुलाबी गोळीत 45 मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत फॉलिक ॲसिड. नातू दहा वर्षांचा झाला की तीच गोळी निळी होईल आणि लोह 60 मिलिग्रॅम. दोन्ही आठवड्यातून एकदाच.

आता बघा, गोळीला खिचडी लागते. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं घरोघर वाटली असती, तर त्यातली किती पोरांच्या पोटात गेली असती आणि किती देवळीत पडून राहिली असती, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरातही एखादी अर्धवट संपलेली बाटली असेलच. शाळेत मात्र दुपारी एक ते दीडच्या दरम्यान गावातली सगळी पोरं एका जागी, हात धुऊन, मांडी घालून बसलेली असतात आणि त्यांची पोटं भरलेली असतात. आरोग्य खात्याला अशी आयती बैठक दुसरीकडे कुठे मिळणार?

उलट बाजूनेही तेच. खिचडीला गोळी लागते. पोटात गोल जंत असले की तुम्ही वाढलेल्या ताटातला वाटा आधी ते घेतात. हुकवर्म तर त्याहून वाईट. तो अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटून बसतो आणि रक्त पितो. अशा पोटात रोज 450 किलोकॅलरीचं जेवण ओतायचं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरायचं. म्हणून 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या आसपास. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची चघळायची गोळी. ती गिळायची नसते, बाईंसमोर चावून खायची असते. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याच्या पोटात गोळीनंतर थोडं दुखतं, मळमळतं. त्याने घाबरू नका, गोळी काम करते आहे.

केनियातल्या बुसिया भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 75 शाळांत हीच जंताची गोळी देऊन पाहिली. मुलांची गैरहजेरी सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली, असं त्यांनी 2004 साली छापलं. पुढे त्या आकडेमोडीवर पुष्कळ वादावादी झाली, अजून चालू आहे. क्रेमर यांना 2019 चं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर. वाद राहू द्या. पोट दुखणारं मूल शाळेत येत नाही, एवढं समजायला नोबेल लागत नाही.

आता ‘डोकं कुणाचं’ याकडे येते. एकाचं नाही. पण जेवण आणि तपासणी ही जोडी कायद्यात बसली ती इंग्लंडात, आणि तिच्या मुळाशी दया नव्हती, युद्ध होतं. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धासाठी भरती सुरू झाली तेव्हा कारखान्यांच्या शहरांतले तरुण रांगेने नापास होऊ लागले. छाती भरत नाही, दात किडलेले, उंची कमी. साम्राज्याला धडकी भरली. 1904 मध्ये एका सरकारी समितीने सांगितलं की मुलांना शाळेतच खायला घाला आणि शाळेतच तपासा. 1906 मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि 1907 मध्ये शाळेत वैद्यकीय तपासणीचा. मागेपुढे एक वर्ष. म्हणजे तुमची खानावळ आणि दवाखाना ही जुळी भावंडंच आहेत म्हणा.

त्यातला ब्रॅडफर्ड शहरातला किस्सा मला फार आवडतो. राल्फ क्रॉली नावाचे तिथले शाळा-डॉक्टर. 1907 च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांनी गरीब घरच्या चाळीसेक मुलांना शाळेत सकाळचं आणि दुपारचं जेवण दिलं आणि दर आठवड्याला त्यांना काट्यावर उभं केलं. वजन चढत गेलं. मधे सणाची आठवडाभर सुट्टी आली, शाळा बंद, जेवण बंद. सुट्टीनंतर काट्यावर उभं केलं तर वजन घसरलेलं! शाळा उघडली, वजन पुन्हा चढलं. क्रॉलींनी त्याचा आलेख काढला, आणि त्या आलेखातला तो सुट्टीचा खड्डा पुढे कित्येक भाषणांपेक्षा भारी पडला. माझ्या मते ही सगळी योजना त्या एका खड्ड्यात आहे. नुसतं जेवण दिलं असतं तर खड्डा कुणाला दिसला नसता, आणि नुसतं वजन केलं असतं तर पोरं किरकोळ आहेत एवढंच कळलं असतं. पातेलं आणि काटा शेजारी शेजारी ठेवले, म्हणून समजलं की भूक घरी आहे.

तसा खड्डा आपल्याकडे दर उन्हाळ्यात पडतो. 2016 च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचं जेवण चालू ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही.

आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली ती 1909 मध्ये, बडोदा शहरात. राज्य सयाजीराव गायकवाडांचं. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1906 मध्ये, त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. मला या दोन तारखा एकमेकींच्या शेजारी बघायला आवडतात. पोराला शाळेत यायची सक्ती केलीत, तर आलेल्या पोराच्या अंगात काय आहे ते बघणं तुमच्यावर आलंच. जेवणाची बाजू मात्र दक्षिणेने आधी धरली. मद्रास शहराच्या कॉर्पोरेशनने पी. त्यागराय चेट्टी यांच्या काळात, 1920 मध्ये, थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी ते राज्यभर नेलं, 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी वाढवलं.

आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना आली, आणि बहुतेक राज्यांनी शिजवायचं सोडून कोरडा तांदूळ वाटला. महिन्याला तीन किलो, आणि तोही ऐंशी टक्के हजेरी भरली तर. पोरं पिशव्या घेऊन रांगेत. तो तांदूळ घरी जायचा, घरच्या सहा जणांत वाटला जायचा, कधी दुकानातही जायचा. मग 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितलं की शिजवलेलं, गरम जेवण द्या. लोकांना वाटतं त्या आदेशाने भुकेचा प्रश्न हाताळला. हाताळलाच, पण त्यासोबत नकळत दवाखान्याची सोयही झाली. तांदळाच्या पिशवीला गोळी जोडता येत नाही, पंगतीला येते. हात धुणंही पंगतीमुळे आलं. मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत साबण घालून नळाला बांधलेला तुम्ही शाळेत पाहिला असेल. तो मोजासुद्धा आरोग्यसेवाच आहे, आणि तिला पगार लागत नाही.

तपासणीची गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची देशपातळीवरची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच पालघरमध्ये झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. एका पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषध देणारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मतः असलेले दोष, पोषणातली कमतरता, आजार आणि वाढीत मागे पडणं, अशा चार गटांतली तीस दुखणी ते शोधतात. हृदयाला भोक, वाहणारा कान, किडलेली दाढ, खरूज, डोळ्याचा नंबर, गलगंड, सगळं त्यात आलं. सापडलेल्या मुलाला पुढे तालुक्याला, जिल्ह्याला पाठवतात आणि शस्त्रक्रियाही फुकट होते.

मागच्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी शाळेत मी दिवसभर बसले होते. शाळेचं नाव सांगत नाही. जेवणाच्या वेळी व्हरांड्यात दोन ओळी, मटकीची उसळ आणि भात. वाढणारी मावशी डाव हातात घेऊन ओळीतून फिरत होती. एका मुलापाशी आली, आणि त्याला उसळीचा डाव अर्धाच घातला. मी म्हटलं, मावशी, याला कमी का? ती म्हणाली, ‘त्याची डावीकडची दाढ किडलीय. एका बाजूनं चावतंय, मटकी ठेवून देतंय. त्याला मी रस्सा जास्त घालते.’ मी मुलाकडे पाहिलं तर खरंच, घास उजव्या गालात. नंतर मुख्याध्यापकांनी कपाट उघडून मला आरोग्याची कार्डं दाखवली. तपासणीचं पथक त्या वेळेपर्यंत तिकडे आलेलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या कार्डावर दातांच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं होतं. तेव्हा ते ठीक असतीलही. पण वर्षातून एक दिवस बघणारा डॉक्टर आणि वर्षातले दोनशे दिवस बघणारी मावशी, यांत दाढ आधी कुणाला कळली?

त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात, पोषण आहाराच्या वह्या होत्या. आज किती ताटं, तांदूळ किती गेला, डाळ किती, शिल्लक किती, चव कुणी घेतली. खालच्या कप्प्यात आरोग्याची कार्डं. उंची, वजन, नंबर, शेरा. दोन्ही अगदी नीटनेटकं, सुवाच्य अक्षरात. मी दोन्ही मांडीवर घेऊन बसले. एका मुलीचं जूनचं वजन आणि पुढच्या जानेवारीतलं वजन जवळजवळ तेवढंच होतं. सात महिन्यांत वाढ नाही. आणि वरच्या कप्प्यातल्या वहीत तिच्या नावाचं काहीच नव्हतं, कारण त्या वहीत मुलांची नावं नसतातच. तिथे नुसता आकडा असतो. ती त्या आकड्यातली एक.

आजी, माझी तक्रार इथे आहे, आणि ती त्या मुख्याध्यापकांवर नाही. ते सांगितलेलं सगळं भरत होते. जेवण शालेय शिक्षण खात्याचं, तपासणी आरोग्य खात्याची. दोन्ही खात्यांचा माणूस एकाच व्हरांड्यात येतो, पण एक आला की दुसरा नसतो. जेवणाची वही विचारते, तांदूळ किती लागला. आरोग्याचं कार्ड विचारतं, मूल किती भरलं. ‘या मुलीच्या ताटात काय जास्त पडलं पाहिजे’ हा रकाना कुठल्याच कागदावर नाही. म्हणजे ‘एकत्र’ आणलं म्हणतात, ते छप्पर एकत्र आणलं. वह्या अजून वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. दोन्ही वह्या एकत्र ठेवणारे देशही आहेत. जपानमध्ये शाळेचं जेवण ठरवायला 2005 पासून आहाराचे शिक्षकच नेमतात. मेनू त्यांचा आणि पोषणाचा तासही त्यांचा. बहुतेक शाळांत आरोग्याची खोली बघणारे शिक्षकही असतात. दोघं एकाच शिक्षकखोलीत चहा पितात, एवढाच काय तो फरक.

आणि आपण काय करतो? नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने ठरवलं की आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला अंडं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचे सरकारी पैसे थांबले. द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगण्यात आलं. ज्या गावात वर्गणी निघते त्या गावच्या पोरांना अंड्याची गरज बहुधा कमी असते. हे मला तरी उफराटं वाटतं. वजनाचे आकडे कपाटात पडून आहेत. निदान ज्या मुलांचा काटा हलत नाही, त्यांच्या ताटात तरी ते अंडं सरकारने ठेवायला हवं होतं.

मावशीचंही ऐका. तिचं मानधन केंद्राच्या हिशेबात 2009 पासून महिन्याला 1000 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्य त्यात भर घालतं, पण ती मावशी सकाळी नऊपासून चुलीपाशी असते. दाढ कुणाची किडलीय, कोण दोन दिवस जेवत नाही, कुणाच्या ओठाच्या कोपऱ्याला चिरा पडल्यात, हे तिला माहीत असतं. तिला विचारत कुणी नाही.

हे सगळं करून काही पदरात पडतं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. 2021 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आपल्या देशातल्या मुलींवरचा एक अभ्यास आला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्या मोठ्या होऊन आई झाल्या तेव्हा त्यांची मुलं वयाच्या मानाने जास्त उंच भरली. पानात वाढलेलं पुढच्या पिढीत उतरतं, हे तुम्हा आज्या लोकांना ठाऊक होतंच. आता आकड्यांतही उतरलं.

एक घरगुती सूचना. सोमवारी शाळेतून आल्या आल्या नातवाच्या हातात चहाचा कप देऊ नका. चहा आणि दूध दोन्ही लोहाला अडवतात. तासाभराने द्या. त्याऐवजी पेरू द्या, आवळा द्या, लिंबाचं सरबत द्या, त्याने लोह चांगलं अंगी लागतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं तर घाबरून डॉक्टर गाठू नका, ते लोहामुळेच.

*

प्रश्न : शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळेच दिसतात. पाण्यावर तरंगतात. गावात सगळे म्हणतात की तो प्लास्टिकचा तांदूळ आहे. आम्ही निवडून टाकतो. बरोबर ना?
– एक पालक, बार्शी

उत्तर : चूक. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे आहेत. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्राने पुन्हा दाण्याच्या आकारात दाबतात. असा एक दाणा साधारण शंभर साध्या दाण्यांत मिसळतात. रंगाला जरा वेगळा, थोडा हलका, म्हणून काही वेळा वर येतो. योजनेच्या तांदळात सगळीकडे हे करण्याची घोषणा 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून झाली. नियमाप्रमाणे एका किलोत 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे तुमच्या मुलाच्या 100 ग्रॅममध्ये तीन-चार मिलिग्रॅम. तुम्ही जे निवडून कोंबड्यांना टाकता, तेच नेमकं मुलाच्या पोटात जायला हवं होतं. पाण्यात फार वेळ भिजवून पाणी ओतून दिलंत तरी नुकसानच. एक मात्र कबूल करते, तुमची चूक म्हणावी तेवढी तुमची नाही. पोत्यात नवीन काही घालून पाठवताना गावात येऊन चार शब्द सांगायचे असतात. त्या डोंगरी शाळेतली मावशीही सुरुवातीला ते दाणे निवडत होती, आणि तिला कुणी काही बोललं नव्हतं. शेवटी तिने स्वतःच एक दाणा पाण्यात भिजवून बोटाने चुरडून पाहिला. पीठ झालं. तुम्हीही करून बघा.

*

प्रश्न : आमच्या शाळेत गुरुजी आमच्या आधी जेवतात. एक घास खाऊन वहीत सही करतात. त्यांना जास्त भूक लागते का?
– चौथीतली वाचक, गुहागर

उत्तर : भूक लागतच असेल, सकाळपासून तुम्हाला शिकवत असतात. पण सही त्यासाठी नाही. 16 जुलै 2013 ला बिहारमधल्या छपरा भागातल्या एका गावात शाळेचं जेवण कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलं गेलं. ते जेवून 23 मुलं दगावली. ही गोष्ट तुला सांगावी की नाही याचा मी विचार केला, पण तू विचारलंस म्हणून सांगते. तेल बरं नाही हे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तिचं कुणी ऐकलं नाही. आता नियम आहे की मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने खाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. म्हणून गुरुजी आधी खातात.

तू एक कर. कधी भाताला विचित्र वास आला, चव कडू लागली, तर घास तिथेच ठेव आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात मावशीला सांग. जेवताना बोलायचं नाही, हा नियम त्या दिवशी मोडलास तरी चालेल.